खासगी हॉस्पिटलमध्ये मॅनेजमेंट पगारवाढीच्या करारावर लगेच सही मागतंय, करावी का?

तुम्ही लिहिलंय की जळगावच्या १२० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात तुमची युनियन उभी राहिली, मागणीपत्र दिलं, आणि आता मॅनेजमेंट म्हणतं, ‘सरसकट दोन हजार वाढवतो, तीन वर्षांचा करार, शुक्रवारी सही करून टाका.’ शुक्रवारी सही करू नका. मी धुळ्यात स्टाफ नर्स आहे, आमच्या वाटाघाटींच्या समितीत बसलेली. त्यावरून सांगते.

दोन हजार हा आकडा वाईट नाही. पण ते पगाराच्या स्लिपवर कुठल्या रकान्यात पडणार, ते आधी विचारा. आम्हाला पहिला मसुदा मिळाला त्यात सगळी वाढ ‘इतर भत्ता’ या रकान्यात होती. समजा एखाद्या सिस्टरचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,००० आहे आणि हातात १६,००० पडतात. दोन हजार मूळ वेतनात घातले तर मॅनेजमेंटला दरमहा पीएफचे २४० रुपये जास्त भरावे लागतात, आणि ग्रॅच्युइटीत नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे साधारण १,१५४ रुपये वाढतात. तेच दोन हजार इतर भत्त्यात टाकले की मॅनेजमेंट ते पीएफ-ग्रॅच्युइटीत धरायचं टाळू पाहतं. नव्या कामगार संहितांप्रमाणे (म्हणजे कामगार कायद्यांप्रमाणे) वेतनातून वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात धरतात. म्हणून निम्म्याच्या आत बसणारा भत्ता मॅनेजमेंटला फार आवडतो. पंधरा-वीस वर्षं नोकरी करणाऱ्या बाईसाठी हा फरक मोठा आहे. चर्चेला जाताना प्रत्येक खात्यातल्या दोघा-तिघांच्या स्लिपा सोबत ठेवा आणि मसुद्यातला रकाना बोट ठेवून दाखवा.

‘नर्सना एवढा पगार परवडत नाही’ हे तुम्हालाही ऐकवतील. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीची शिफारस त्यांच्यासमोर ठेवा: शंभरावर खाटा असतील तर नर्सचा पगार सरकारी नर्सपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी नको, दोनशेवर असतील तर बरोबरीचा. ही शिफारस आहे, हुकूम नाही. पण तुमच्या मागणीला त्यातून आधार मिळतो आणि टेबलावरची भाषा बदलते.

दुसरी गोष्ट, सही कुठे होते. मॅनेजमेंटच्या केबिनमध्ये झालेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. तोच करार सरकारी कामगार कार्यालयात, समेट अधिकाऱ्यासमोर (मालक-कामगारांत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) समेटाच्या कारवाईत झाला, तर युनियनचे सभासद असोत-नसोत, सगळ्यांना लागू होतो, उद्या नोकरीला लागणाऱ्यालाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतंच, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मुदत संपली तरी कुणीतरी लेखी नोटीस देऊन साठ दिवस होईपर्यंत जुना करार चालू राहतो, त्यामुळे ‘मुदत संपली, आता काहीच लागू नाही’ असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. (तुमचं हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर मात्र आधी कामगार कायद्याच्या वकिलाला गाठा. नव्या संहितेने धर्मादाय कामाच्या संस्थांना ‘उद्योगा’च्या व्याख्येतून वगळलंय.)

पैशाइतकाच भांडायचा विषय म्हणजे ड्युटी चार्ट. तुमच्या मागणीपत्रात त्यावर एक ओळ आहे, ‘कामाचा ताण कमी करावा’. याने काही होत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, उलट्या-जुलाबाचे आणि उन्हाने पडलेले पेशंट एकदम येतात, आणि नाइट करून निघालेल्या सिस्टरला दारातच थांबवतात, ‘रिलीव्हर आली नाही, डबल कर.’ त्या डबलचं काय? ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळणार का, की चार्टवर पेन्सिलने ऑफ लिहून नंतर खोडणार? करारात स्वच्छ लिहून घ्या: एका सिस्टरकडे किती खाटा, महिन्यात जास्तीत जास्त किती नाइट, चार्ट किती दिवस आधी लागणार, डबलचा दर काय. चोपडा, यावलकडून येणाऱ्यांना सेकंड शिफ्ट सुटल्यावर एसटी मिळत नसेल तर गाडीचं कलमही घाला. हा त्या बायकांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आणि ठेकेदाराकडच्या मावश्या. आमच्या बैठकीबाहेर पोछा मारणाऱ्या एका मावशीने विचारलं होतं, “ताई, आमले काय भेटी?” ऑपरेशन थिएटर धुणारी, पेशंट उचलणारी तीच, आणि मसुद्यात तिचं नावही नव्हतं. त्यांना लगेच कायम करून घेणं जमेलच असं नाही. पण किमान वेतन, पीएफ आणि ईएसआय नियमित भरलं जातं की नाही हे दर महिन्याला युनियनला दाखवायचं, एवढं कलम मागता येतं. यावर माघार घेऊ नका. तुम्ही बाहेर बसलात तर वॉर्ड चालवायला मॅनेजमेंट त्यांनाच पुढे करणार.

बोलणी फिसकटली तर ‘सगळ्यांनी एका दिवशी सीएल (किरकोळ रजा) टाकू’ असं कुणीतरी सुचवेलच. नको. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तर संहितेत तो संपच धरला जातो. रीतसर संपाची नोटीस द्यावी लागते, त्यानंतर चौदा दिवस थांबावं लागतं, आणि समेट अधिकाऱ्यापुढे प्रकरण चालू असताना संप करता येत नाही. आयसीयू आणि कॅज्युअल्टीत कोण थांबणार, ती यादीही नोटिशीसोबत तुम्हीच द्या.

शुक्रवारच्या बैठकीला जाच. मसुद्याची प्रत मागा, पंधरा दिवसांची वेळ मागा, आणि त्या दिवशी जे बोलणं होईल त्याच्या इतिवृत्तावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊनच उठा.