फायटोफ्थोराचा पोहणारा बीजाणू आतून कसा असतो

संत्र्याला डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) आणणाऱ्या फायटोफ्थोराचे बीजाणू पाण्यात पोहतात म्हणजे नेमकं काय, आणि त्या पेशीत असतं काय, असं तुम्ही विचारलंय. फायटोफ्थोरा दिसते बुरशीसारखी, पण नात्याने ती तपकिरी शैवाल आणि डायटम नावाच्या एकपेशीय शैवालाच्या जवळची. तिची पोहणारी पेशी पाहिली की हे नातं उघड होतं.

हा पोहणारा बीजाणू, म्हणजे झूस्पोर, साधारण १० मायक्रॉनचा (मिलिमीटरचा शंभरावा भाग), घडण राजम्याच्या दाण्यासारखी. पोटाकडे एक खाच, तिच्यातून दोन कशाभिका, म्हणजे पोहण्याचे चाबकासारखे धागे, निघतात. मागची गुळगुळीत. पुढचीवर दोन्ही बाजूंना ताठ, बारीक केसांच्या रांगा, आणि खरी करामत त्या केसांची. कशाभिकेतली लाट बुडापासून टोकाकडे जाते. ही कशाभिका गुळगुळीत असती तर पेशी मागे रेटली गेली असती. केसांमुळे जोर उलटा लागतो आणि पेशी पुढे खेचली जाते. असेच केस तपकिरी शैवालाच्या पोहणाऱ्या पेशींवरही सापडतात.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या पेशीला भित्तिकाच (पेशीभोवतीची टणक भिंत) नाही, नुसतं पातळ पटल. त्यामुळे बाहेरचं पाणी सारखं आत शिरतं. ते उपसायला संकोची रिक्तिका, म्हणजे आकसून पाणी बाहेर टाकणारी पिशवी, असते. काही सेकंदांत भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. पोहताना पेशी काही खात नाही, सोबत आणलेली चरबी आणि ग्लुकन (साखरेच्या साखळ्यांचा साठा) जाळते.

मूळ गाठलं की खाचेची बाजू मुळाकडे वळते आणि कशाभिका गळतात. पटलाखाली पुटिका, म्हणजे बारीक पिशव्या, आधीपासून भरून तयार असतात. पोटाकडच्या पुटिकांतून चिकट प्रथिन सुटतं, पाठीकडच्यांतून आवरणाचं द्रव्य. हे सगळं दोनेक मिनिटांत! पाठोपाठ सेल्युलोजची भित्तिका चढते आणि मग अंकुर फुटतो. तिसऱ्या प्रकारच्या, मोठ्या पुटिका मात्र आतच राहतात, त्यातली प्रथिनं अंकुराच्या वाढीला लागतात.

आता बागेपुरतं. डिंक्यावर कार्बेन्डाझिम मारू नका, ते खऱ्या बुरशांचं औषध आहे, या कुळावर चालत नाही. तांब्याचा मारा उघड्या बीजाणूवर आणि अंकुर फुटण्याच्या वेळी बसतो, म्हणून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) पावसाळ्याआधीच बुंध्याला लावायची. अंकुर सालीत शिरला की वरचं तांबं तिथे पोहोचत नाही. आणि दुहेरी आळं करा (बुंध्याजवळ एक कोरडं, त्याबाहेर पाण्याचं), म्हणजे ओलिताचं पाणी बुंध्याला टेकणार नाही.