शेवग्याला शेंगा नाहीत, नुसताच पाला!

प्रश्न: ताई, आमच्या मुलुंडच्या सोसायटीत बिल्डिंगच्या मागे चार वर्षांचा शेवगा आहे, दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलाय पण शेंगा गेल्या वर्षी मोजून पाच-सहा. वॉचमन रोज पाइप लावतो, शेणखत पण घालतो. आणि माहेरी सोलापूरकडे बांधावरच्या झाडाला कुणी विचारत नाही तरी ते लगडलेलं असतं! असं का? आणि आमच्या पाल्यात सत्त्व तरी असतं का?

उत्तर: अहो, तो रोजचा पाइपच नडतोय! शेवगा कोरड्या हवेत निभावणारा, त्याची मुळंच जाडजूड, त्याला जास्त लाड मानवत नाहीत. पाणी आणि शेणखतातलं नत्र भरपूर मिळालं की पाला काढत सुटतो आणि फुलं आली तरी गळतात. सोलापूरच्या झाडाला पाण्याचा ताण बसतो, ऊन पण दिवसभर. तुमच्याकडे बिल्डिंगमागे ऊन किती वेळ येतं ते आधी बघा, दोन-तीन तासच असेल तर शेंगांची फार आशा धरू नका, उगाच गोड कशाला बोलू.

ऊन बरं असेल तर पावसाळा संपला की पाइप बंद, फुलं धरली की मग अधूनमधून थोडं पाणी. आपल्या मुंबईच्या पावसात बुंध्याशी पाणी तुंबलं तर मुळं कुजतात म्हणून भोवती मातीचा उंचवटा करा. शेंगा काढून झाल्या की शेंडा छाटा, फांद्या फुटतात आणि शेंगा हाताशी येतात (सोसायटीचं झाड म्हणजे पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी आधी!).

सत्त्वाचं म्हणाल तर ते जात, माती, पानाचं वय यावर बदलतं. क्वेरसेटिनसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्यं झाड स्वतःच्या बचावासाठी बनवतं, कडक उन्हात ती वाढतात, पाण्याच्या थोड्या ताणातही बरेचदा वाढतात पण मग पाला कमी येतो, दोन्ही एकदम नाही मिळत. सावलीतल्या पाल्यात ती थोडी कमी असतील, तरी कॅल्शियम, प्रोटीन आहेच की! वाळवायचा तर सावलीत, उन्हात कॅरोटीन (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनतं ते) उडून जातं.

गोकुळाष्टमीला भाजी कराल तेव्हा मात्र फांदी नीट झटकून घ्या, पावसात त्या केसाळ अळ्या असतात, हाताला लागल्या तर दिवसभर खाज.