ढोबळी मिरची, केळं आणि रंगाचा डबा : नव्या देशांच्या वाइन्सविषयी वाचकांचे प्रश्न

चिलीची कारमेनेर ही लाल वाइन उघडली, तर ढोबळी मिरचीचा वास आला. बाटली बिघडलेली होती का? (वाचक, ठाणे)

नाही. हा वास पायरेझिन गटातल्या संयुगांचा. ढोबळी मिरचीला तिचा वास तीच देतात. कच्च्या द्राक्षात ती भरपूर असतात आणि मणी पिकतील तशी कमी होतात. कारमेनेरमध्ये ती मुळातच जास्त, त्यात हे वाण मर्लो या दुसऱ्या लाल वाणापेक्षा तीन-चार आठवडे उशिरा पिकतं. चिलीतला घोळ इथेच झाला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या बोर्दोहून आलेली मर्लो आणि कारमेनेर यांची कलमं एकाच बागेत मिसळून लागली. सगळीच वेल मर्लो समजून एकदमच खुडली जायची. मर्लो पिकलेली, कारमेनेर हिरवी. १९९४ मध्ये फ्रेंच वेलतज्ज्ञ जाँ-मिशेल बुर्सिको यांनी ही वेल कारमेनेर असल्याचं ओळखलं. तोवर वेलीच्या मुळांवर हल्ला करणाऱ्या फायलोक्सेरा किडीनंतरच्या फेरलागवडीत बोर्दोतून ती जवळपास नाहीशी झाली होती. चिलीत मात्र ही कीड कधी रुजलीच नाही, म्हणून तिथल्या पुष्कळ वेली आजही खुंटावर (दुसऱ्या वेलीच्या मुळांवर) कलम केलेल्या नाहीत, स्वतःच्या मुळांवर आहेत.

आता बागायतदार घडांजवळची पानं काढून ऊन आत घेतात आणि काढणीला एप्रिल अखेरपर्यंत, कधी मेपर्यंत थांबतात. फार थांबलं तर साखर चढते, आम्लता उतरते आणि १४.५ टक्के अल्कोहोलची बोजड वाइन हाती येते. थोडा हिरवा वास त्यापेक्षा केव्हाही बरा. लेबलवर पेउमो किंवा आपाल्टा या चिलीतल्या भागांचं नाव दिसलं, तर नीट पिकलेल्या द्राक्षाची शक्यता जास्त. १६ ते १८ अंशांना प्या. उन्हाळ्यात ‘खोलीचं तापमान’ म्हणजे आपल्याकडे ३२ अंश, तेव्हा बाटली आधी फ्रिजमध्ये गार करून घ्या. पीठ पेरलेल्या ढोबळीच्या भाजीबरोबर ही वाइन घेऊन पाहाच, तक्रार राहणार नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या पिनोटाज या लाल वाइनला एकदा केळ्याचा, तर दुसऱ्या बाटलीला रंगाच्या डब्यासारखा वास आला. हे वाणच तसं आहे का? (वाचक, पणजी)

वाण बदनाम झालं खरं, पण दोष बहुतेक वेळा आंबवण्याच्या टाकीतला असतो. स्टेलेनबॉश विद्यापीठातल्या अब्राहम पेरोल्ड यांनी १९२५ मध्ये पिनो न्वार आणि सिन्सो या दोन लाल वाणांचा संकर केला. सिन्सोला तिकडे तेव्हा ‘हर्मिटेज’ म्हणत, त्यावरून पिनोटाज. हे द्राक्ष लवकर पिकतं, साखर भरपूर धरतं आणि आंबायला लागलं की झपाट्याने आंबतं. टाकी वेळेवर थंड केली नाही तर तापमान हातातून जातं. यीस्ट आयसोअमाइल ॲसिटेट तयार करतं, तो केळ्याचा वास. इथिल ॲसिटेट वाढलं की नेलपॉलिश, रंगाचा डबा. हलका केळ्याचा वास असेल तर ग्लास फिरवा आणि दहा मिनिटं थांबा. नेलपॉलिशचा वास मात्र दोषच, तो उडून जाईल या आशेवर बसू नका. कॉफी-चॉकलेटचा भपकारा आला तर तो भाजलेल्या ओक लाकडातून मुद्दाम आणलेला असतो. पहिल्यांदा घेणार असाल तर ‘बुश व्हाइन’ लिहिलेली बाटली बघा. या मांडवाविना झुडपासारख्या वाढवलेल्या वेली. त्या बहुधा जुन्या, कमी पाण्यावरच्या असतात आणि माल कमी पण रस दाट देतात.

अर्जेंटिनात मालबेक या लाल वाणाने एवढं नाव कमावलं. नाशिकमध्ये दोन एकर लावावं का? (वाचक, दिंडोरी)

एकदम दोन एकर नको. मालबेकच्या तिथल्या मुख्य प्रांतात, मेंडोझात, वर्षाला जेमतेम २०० मिमी पाऊस पडतो. बाग अँडीज पर्वताच्या बर्फाच्या पाण्यावर चालते. तिथल्या उको खोऱ्यातल्या बागा ९०० ते १५०० मीटर उंचीवर आहेत, दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा, त्यामुळे रंग आणि आम्लता दोन्ही टिकतात. हिवाळ्यात वेल पूर्ण विश्रांती घेते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून तर एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी).

मालबेकची दुखणीही आपल्याला अडचणीची. फुलोऱ्यात थंडी-पाऊस आला की मणी धरत नाहीत, शिवाय डाऊनी हा बुरशीचा रोग लवकर लागतो. गोडी छाटणीनंतरचा अवकाळी पाऊस आठवा : गळ, कूज आणि डाऊनी एकदम. बोर्दोत १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत हे वाण मोठ्या प्रमाणावर मेलं आणि तिथे ते पुन्हा फारसं लावलं गेलं नाही, म्हणजे मायदेशीही ते नाजूकच. मेंडोझाला गारपीट छळते, त्यासाठी ते जाळ्या लावतात. तो खर्च हिशेबात धरा. आधी वायनरीशी लेखी करार करा, कारण लहान, बियांचे मणी खाण्याच्या बाजारात कोणी विचारत नाही. मग काही ओळी लावून दोन-तीन हंगाम पाहा. २३-२४ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) आम्लता टिकते का, हा खरा प्रश्न. ती टिकली नाही तर शिराझ हे लाल वाण बरं.

न्यूझीलंडमधल्या मार्लबरोची सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन स्क्रू कॅपची (फिरकीच्या झाकणाची) आहे. ती किती वर्षं ठेवता येईल? (वाचक, ऑकलंड)

ठेवू नका. पॅशनफ्रूटचा तो वास थायॉल संयुगांचा, आणि ती वर्ष-दोन वर्षांत विरतात. स्क्रू कॅप हवा रोखते, काळ रोखत नाही. तिकडे काढणी मार्च-एप्रिलमध्ये होते, त्यामुळे त्याच सालाच्या फ्रेंच बाटलीपेक्षा ही सहा महिन्यांनी वडील, हेही ध्यानात घ्या. ८ ते १० अंशांना प्या. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन दिवस चालते.

लेबलवर एकाच द्राक्षाचं नाव असेल तर वाइन शंभर टक्के त्याचीच? (वाचक, बेळगाव)

नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिनात ८५ टक्के पुरतात. अमेरिकेत सर्वसाधारण नियम ७५ टक्क्यांचा आहे.