विंडोज १०चं ११ करताना दर वेळी मागे फिरतंय, आता फॉरमॅट मारू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. लॅपटॉप २०१९चा, आय-५ आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. ‘पीसी हेल्थ चेक’ सांगतं की मशीन विंडोज ११ला चालेल. अपडेट डाउनलोड होतं, रीस्टार्ट होतं, पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास जातं, स्क्रीन काळी पडते आणि मग ‘अंडूइंग चेंजेस’ असं लिहून येतं. अर्ध्या तासाने विंडोज १० पुन्हा समोर. असं चार वेळा झालंय. अपडेट हिस्टरीत ०एक्स-सी१९००१०१ हा कोड दिसतो. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. तुम्ही टॅक्सची कामं करता, त्यामुळे लॅपटॉपवर अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, डिजिटल सिग्नेचरचं टोकन आणि बऱ्याच वर्षांचा डेटा आहे.

फॉरमॅट मारू नका, निदान आत्ता तरी. आणि पाचव्यांदा ‘रिट्राय’ही दाबू नका. चार वेळा जिथे अडलं तिथेच पाचव्यांदा अडणार, कारण मधल्या काळात मशीनमध्ये काहीच बदललेलं नाही. पण अपग्रेड का अडलं हे विंडोजने लिहून ठेवलेलं असतं. बहुतेक दुकानांत ते कोणी उघडून बघत नाही आणि गिऱ्हाइकाला थेट फॉरमॅट सांगतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्यासारख्याचं फॉरमॅट म्हणजे नुसती विंडोज टाकणं नव्हे. अकाउंटिंगचं लायसन्स पुन्हा चालू करणं, टोकनचं सगळं नव्याने बसवणं, प्रिंटर, ब्राउझरमधले पासवर्ड, मेल... आठवडा त्यात जातो.

आधी बॅकअप. अपग्रेड मागे फिरलं तरी डेटा सहसा जागेवर राहतो, पण ‘सहसा’वर कोणी आपल्या क्लायंटची खाती सोडू नयेत. बाहेरच्या हार्ड डिस्कवर डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप आणि अकाउंटिंगच्या कंपन्यांचा डेटा फोल्डर घ्या, आणि कॉपी झाल्यावर त्यातल्या दोन-चार फायली त्याच डिस्कवरून उघडून बघा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळेल. पुढे बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, हात लावायची वेळ आली की हीच की मागितली जाते, आणि ती नसली की सगळा डेटा कुलपात.

आता कोडकडे. ०एक्स-सी१९००१०१ म्हणजे अपग्रेड मागे फिरलं, आणि बहुतेक वेळा त्यामागे कुठला तरी ड्रायव्हर (एखादं उपकरण विंडोजला चालवता यावं म्हणून टाकलेलं छोटं सॉफ्टवेअर) असतो. पण हा कोड अर्धाच आहे. त्याच्यापुढे डॅश देऊन दुसरा कोड असतो, ०एक्स-२००१७ किंवा ०एक्स-३००१८ असा. अपडेट हिस्टरीत हा दुसरा भाग बऱ्याचदा दिसतच नाही, आणि खरी खूण त्यातच असते. त्यातला ‘एक्स’नंतरचा पहिला आकडा बघायचा. अपग्रेड चार टप्प्यांत होतं आणि कितव्या टप्प्यात गाडी थांबली ते तो आकडा सांगतो.

१ असेल तर जुनी विंडोज चालू असतानाच अडलं: जागा कमी, एखादं न चालणारं सॉफ्टवेअर, खराब झालेल्या सिस्टिम फायली. २ म्हणजे पहिल्या रीस्टार्टनंतर, जेव्हा फक्त एक छोटी तात्पुरती विंडोज चालू असते. तिथे बायोस, डिस्कचा ड्रायव्हर, लावून ठेवलेला पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड यांच्यावर संशय घ्यायचा. ३ म्हणजे नवी विंडोज पहिल्यांदा उठायला गेली आणि पडली. ४ म्हणजे ती उठली, पण शेवटची मांडामांड करताना कोसळली. आणि कोडच्या शेवटी ०डी असेल तर तुमचा डेटा आणि सेटिंग्ज नव्या घरात हलवताना घोळ झाला. तेव्हा मशीनवर पडून राहिलेली जुनी, कोणी न वापरणारी युजर खाती तपासायची.

हा दुसरा भाग शोधायचा कुठे? सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात लॉग्ज, त्यात सेटअपडायग नावाचा फोल्डर असतो. विंडोज १०च्या २००४ या आवृत्तीपासून अपग्रेड फसलं की सेटअप स्वतःच ही तपासणी करतो आणि तिथे ‘सेटअपडायग-रिझल्ट्स’ नावाची एक्सएमएल फाइल ठेवतो. नोटपॅडमध्ये उघडा आणि ‘फेल्युअर डेटा’ शोधा. कधी कधी तिथे ड्रायव्हरच्या फाइलचं नावच सापडतं आणि काम दहा मिनिटांचं होतं. तिथे नीट काही नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ची आयएसओ फाइल (सगळी विंडोज एकाच फाइलमध्ये असते ती) घ्या, ती डबल-क्लिक करून आतला सेटअप चालवा. तोही फसेल, पण फसल्यावर परत आलेल्या विंडोज १०वर पूर्ण कोड आणि टप्प्याचं नाव असलेली खिडकी येते. तिचा मोबाइलने फोटो काढा.

एक विनंती: हे सगळं बघून होईपर्यंत डिस्क क्लीनअप चालवू नका. ‘टेम्पररी विंडोज इन्स्टॉलेशन फाइल्स’ साफ केल्या की त्यांच्याबरोबर अपग्रेडच्या नोंदीही जातात. बरेच जण उत्साहाने आधी साफसफाई करतात आणि मग कारण शोधायला बसतात.

मी हे इतकं आग्रहाने का सांगतोय ते एका प्रसंगावरून सांगतो. आमच्याकडे साताऱ्यात राजवाड्याजवळ लग्नपत्रिका छापणारी एक छोटी प्रेस आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हा त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत मशीन ११वर न्यायचं ठरवलं. तुमच्यासारखंच झालं, तीन वेळा जाऊन परत. मला बोलावलं तेव्हा तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, पत्रिकांच्या ऑर्डरी टेबलावर पडलेल्या, आणि फॉरमॅट म्हटलं की त्यांचा जीव वर-खाली होत होता. त्यांच्या सगळ्या जुन्या पत्रिका युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहेत. ते फाँट आणि ते सॉफ्टवेअर परत बसलं नाही, तर फाइल उघडल्यावर ‘श्री’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

पूर्ण कोड काढला तर ३००१८ निघाला. म्हणजे तिसरा टप्पा, नवी विंडोज पहिल्यांदा उठताना. या कोडला पहिला नियम असा की माउस, कीबोर्ड आणि मॉनिटर सोडून बाकी सगळं उपसून टाकायचं. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे लायसन्सची यूएसबी किल्ली, कॅबिनेटच्या मागे होता, हरवू नये म्हणून लाल दोऱ्याने बांधलेला. तो दोरा सोडून काढला, प्रिंटर काढला, स्कॅनर काढला, पुन्हा चालवलं. पुन्हा ३००१८.

इथे मी अडकलो होतो, आणि माझ्या मते तुमचंही इथेच अडलं असेल. डोंगल बाहेर काढला तरी त्याचा ड्रायव्हर आतच असतो. अपग्रेड तो उचलून नव्या विंडोजमध्ये नेतं आणि उठताना तो लोड होतो. डिव्हाइस मॅनेजर उघडलं, वरच्या ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’वर टिचकी मारली, आणि फिकट रंगाच्या चिन्हांची रांग दिसायला लागली: जुने पेनड्राइव्ह, कधीच भंगारात गेलेला एक प्रिंटर, आणि डोंगल. त्याच्या ‘ड्रायव्हर’ टॅबमध्ये तारीख होती २००९. डोंगलबरोबर आलेल्या सीडीवरून इतकी वर्षं तोच ड्रायव्हर प्रत्येक नव्या मशीनवर टाकला जात होता. त्यावर राइट क्लिक, ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’, आणि पुढच्या खिडकीत ड्रायव्हरही काढून टाकण्याची चौकट असते तिथे बरोबरची खूण. ही खूण केली नाही तर यादीतून नाव जातं, ड्रायव्हर तिथेच राहतो. रीस्टार्ट केलं, सेटअप चालवला, आणि दीड तासाने विंडोज ११ उठली. मग डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाकला, डोंगल लावला आणि सगळ्यात आधी गेल्या वर्षीची एक पत्रिका उघडली. ‘श्री गजानन प्रसन्न’ जोडाक्षरांसकट जसंच्या तसं आलं. मालक खुर्चीतून उठून मागे येऊन उभे राहिले होते, ते तेव्हा बसले.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय डिजिटल सिग्नेचरच्या टोकनवर आहे. तेही यूएसबीचंच उपकरण, आणि त्याचा ड्रायव्हर एकदा टाकला की कोणी पुन्हा बघत नाही. टोकन बाहेर काढून ठेवा, त्याचं सॉफ्टवेअर कंट्रोल पॅनेलमधून काढा, मग डिव्हाइस मॅनेजरमधली फिकट नोंदही वर सांगितल्याप्रमाणे काढा. घाबरू नका, तुमचं सर्टिफिकेट टोकनच्या आत असतं, लॅपटॉपवरचा ड्रायव्हर काढल्याने ते जात नाही. फक्त टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इनिशियलाइज’ असा पर्याय दिसला तर त्याला चुकूनही हात लावू नका. त्याने टोकन कोरं होतं आणि सर्टिफिकेट नव्याने काढावं लागतं.

दुसरा संशय विकतच्या अँटिव्हायरसवर. तो नुसता ‘डिसेबल’ करून भागत नाही, कारण त्याचे ड्रायव्हर विंडोजच्या खूप आत बसलेले असतात. लायसन्स की लिहून घ्या, कंपनीच्या स्वतःच्या रिमूव्हल टूलने पूर्ण काढा, अपग्रेड झाल्यावर परत टाका. मधल्या काळात विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो. व्हीपीएनचं सॉफ्टवेअर असेल तर तेही काढा.

कोडचा पहिला आकडा २ निघाला तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून बायोस आणि स्टोरेजचा ड्रायव्हर अपडेट करा. बायोस करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी, आणि बिटलॉकर आधी ‘सस्पेंड’ करा. १ निघाला तर सी ड्राइव्हवर जागा करा. तुमच्या २५६ जीबीत मी निदान ३० जीबी मोकळी ठेवली असती. शिवाय ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डीआयएसएमचं ‘रिस्टोअर हेल्थ’ आणि मग ‘एसएफसी स्कॅननाउ’ चालवा, याच क्रमाने, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली घेतं तो साठा डीआयएसएम दुरुस्त करतं.

प्रश्नाखाली कोणी तरी ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन’ (विंडोजने स्वतःसाठी राखलेला डिस्कचा छोटा कप्पा) भरल्याचं लिहिलंय. तो प्रश्न खरा आहे, पण त्याचा कोड ०एक्स-सी१९००१०४ असा येतो, शेवटी ४. तुमचा १ आहे. तुम्ही त्या पार्टिशनला हात लावू नका; तिथे एक फाइल चुकीची उडाली तर आहे ती विंडोज १०ही उठायची नाही.

पुन्हा चालवताना ‘डाउनलोड अपडेट्स’चा पर्याय चालूच ठेवा, त्यात नवे ड्रायव्हर येतात. इंटरनेट डळमळीत असेल म्हणून लोक तो बंद करतात, त्यापेक्षा चांगल्या नेटच्या जागी बसून करा. शनिवारी दुपारी सुरू करा, रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री नको. झाल्यावर विंडोज १०वर परतायची सोय १० दिवस असते, म्हणून त्या दहा दिवसांत एकदा तरी खरं काम करून बघा: टोकन लावून एक पीडीएफ सही करा, पोर्टलवर लॉगिन करा, प्रिंट काढा, अकाउंटिंगमधल्या सगळ्यात जुन्या कंपनीचा ताळेबंद उघडा. तोवर जुन्या विंडोजचा ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर साफ करू नका.

हे सगळं करूनही नाही झालं तर घाईने काही करायची गरज नाही. विंडोज १०ला सुरक्षेचे जादा अपडेट घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याचे पैसेही पडत नाहीत. ती नोंदणी मी तुमच्या जागी आजच केली असती, अपग्रेड होवो न होवो.

सेटअपडायगच्या फाइलमधला ‘फेल्युअर डेटा’चा भाग आणि पूर्ण कोड, डॅशच्या पुढच्या भागासकट, इथे टाका. मशीनचं नाव आणि युजरचं नाव त्यातून पुसून टाका. डिव्हाइस मॅनेजरमधल्या फिकट नोंदींचा फोटोही टाकता आला तर कुठला ड्रायव्हर आधी काढायचा ते नेमकं सांगता येईल.