पोप नसलेल्या घरातली भाऊबंदकी

सारा मलॅली यांची कँटरबरीच्या आर्चबिशपपदी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूपदी, निवड जाहीर झाल्यापासून अँग्लिकन चर्चमधल्या (इंग्लंडच्या चर्चमधून जगभर पसरलेल्या चर्चच्या कुटुंबातल्या) वादाबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली चार घेतो.

प्रश्न (पुणे) : आर्चबिशप बाई आहेत म्हणून आफ्रिकेतले बिशप त्यांना मानत नाहीत, असं वाचलं. प्रमुखाला न मानता त्याच चर्चमध्ये राहता येतं का?

येतं, आणि सगळी गोम तिथेच आहे. जगभरात चाळीसहून जास्त स्वायत्त अँग्लिकन चर्च आहेत. प्रत्येकाची घटना वेगळी, सिनड (निर्णय घेणारी सभा) वेगळी. कँटरबरीला थोरल्या घराचा मान. पण धाकट्यांच्या चुलीवर काय शिजतं, हे ठरवायचा हक्क नाही. साधारण दहा वर्षांनी सगळे बिशप लँबेथ परिषदेला जमतात, तिचे ठरावही कुणावर बंधनकारक नसतात. १९९८ च्या परिषदेने ५२६ विरुद्ध ७० मतांनी ठरवलं की विवाह स्त्री-पुरुषाचाच, समलिंगी नात्यांना आशीर्वाद देऊ नयेत. पाचच वर्षांत अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरने पुरुष जोडीदारासोबत उघडपणे राहणाऱ्या जीन रॉबिन्सन यांना बिशप केलं. अडवणार कोण? त्या संतापातून २००८ मध्ये जेरुसलेमला ‘गॅफकॉन’ ही परंपरावाद्यांची आघाडी उभी राहिली.

बाई असणं हा आक्षेप आहेच, पण तो दुय्यम. गॅफकॉनमध्ये असलेल्या केनियातच २०२१ मध्ये बुटेरे धर्मप्रांताला स्त्री बिशप मिळाल्या. खरी सल अशी, की इंग्लंडच्या चर्चमध्ये समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना आणण्याच्या कामात लंडनच्या बिशप म्हणून मलॅली आघाडीवर होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये निवड जाहीर झाली आणि दोन आठवड्यांच्या आत गॅफकॉनचे अध्यक्ष, रवांडाचे आर्चबिशप लॉरेंट म्बांडा यांनी सांगून टाकलं : कँटरबरीशी संबंध संपला, खरं अँग्लिकन कुटुंब आता आम्हीच. म्हणजे वेगळं निघायचं, पण घरावरची पाटी आपल्याकडे ठेवून. आपल्याकडच्या वाटण्या पाहिलेल्यांना हे नवीन नाही.

त्यांची एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. हा प्रमुख निवडणाऱ्या समितीत १७ मतं; त्यातली इंग्लंडबाहेरच्या अँग्लिकनांची ५. पुढे नाव पंतप्रधानांमार्फत राजाकडे जातं. नायजेरियातल्या बिशपाने त्यात आपलेपणा कुठे शोधायचा?

प्रश्न (लंडन) : लग्न नाही, पण आशीर्वाद आहे. हा काय प्रकार?

तडजोड, दुसरं काय! इंग्लंडमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा २०१३ मध्ये झाला. तिथल्या राष्ट्रीय चर्चला त्यातून वगळलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या चर्चच्या सिनडने आशीर्वादाच्या प्रार्थनांचं स्वागत केलं. या सिनडची सभागृहं तीन : बिशप, पाळक आणि सामान्य सभासद. बिशपांच्या सभागृहात ३६ विरुद्ध ४ असा सहज निकाल. सामान्य सभासदांच्या सभागृहात १०३ विरुद्ध ९२. मंडळीत बाकांवर बसणारी माणसं किती दुभंगली आहेत, ते या दुसऱ्या आकड्यात दिसतं.

डिसेंबर २०२३ मध्ये या प्रार्थना पहिल्यांदा म्हटल्या गेल्या. सफोकमधल्या एका चर्चमध्ये रविवारच्या नेहमीच्या उपासनेत दोन स्त्रिया पुढे येऊन गुडघे टेकून बसल्या, धर्मगुरूंनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवून त्यांच्या प्रेमाबद्दल देवाचे आभार मानले, आणि उपासना पुढे सुरू झाली. विवाहविधी नाही, वेगळा सोहळा नाही. ज्या पाळकाला हे पटत नाही त्याने नकार दिला तरी चालतं. स्वतंत्र सोहळ्याची मागणी झाली तेव्हा बिशपांनी २०२५ मध्ये सांगितलं, की त्यासाठी सिनडच्या तिन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतील. वरचे आकडे पाहा. ती कुठून येणार?

प्रश्न (नागपूर) : आमचं चर्च सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). आम्ही कुठल्या बाजूला?

तुमच्याच गावात, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं. अँग्लिकन त्यातलं एक. त्यामुळे जागतिक अँग्लिकन कुटुंबात तुम्ही आहात, पण इंग्लंडच्या सिनडचा ठराव तुम्हाला लागू होत नाही. बाईंच्या बिशपपदावरून कुणी वाद घातला, तर त्यांना सांगा की दक्षिणेतल्या सीएसआयने (चर्च ऑफ साउथ इंडिया) आंध्रातल्या नंद्यालला २०१३ मध्येच स्त्री बिशप नेमली. इंग्लंडला त्यासाठी २०१५ उजाडलं.

प्रश्न (वसई) : समलिंगी नात्यांना आशीर्वाद हे गोऱ्यांचं खूळ आहे, आफ्रिका जुन्या विश्वासाला धरून आहे. असंच ना?

इतकं सरळ नाही. अमेरिकेत २००९ मध्ये फुटून निघालेल्या परंपरावादी चर्चचे प्रमुख फॉली बीच अनेक वर्षं गॅफकॉनचे अध्यक्ष होते. उलट दक्षिण आफ्रिकेचे दिवंगत अँग्लिकन आर्चबिशप डेझमंड टूटू समलिंगी लोकांच्या बाजूने जाहीरपणे बोलत. त्यांची मुलगी म्फो स्वतः धर्मगुरू. तिने एका स्त्रीशी लग्न केलं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चर्चचा परवाना तिला सोडावा लागला. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये तिच्या धर्मपित्याचा (गॉडफादरचा) अंत्यविधी होता. तो तिने चालवावा ही त्यांचीच इच्छा. लग्न स्त्रीशी झालेलं, म्हणून तिथल्या चर्चनेही परवानगी नाकारली. शेवटी घरच्यांनी विधी चर्चमधून हलवला आणि शेजारी मांडव घालून उरकला.