टीममध्ये नवीन आलेल्यांची पहिली पार्टी लावून देताना नेमकी काय मदत करावी?

तुम्ही लिहिलंय की महिन्याभरात तुमच्या टीममध्ये तिघी जॉइन झाल्या, तिघींच्या घरी विक्रीच्या नमुन्यांचं किट येऊन पडलंय, पण एकीचीही पहिली पार्टी अजून झालेली नाही, आणि त्यातली एक तर आता फोनही उचलत नाही. ओळखीच्या बायकांना घरी बोलावून वस्तू दाखवायच्या आणि ऑर्डर घ्यायच्या, याला आपण पार्टी म्हणतो. मी डायरेक्ट सेलिंगचं हे काम बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून माझ्या डोळ्यांसमोर अशा कितीतरी जणी उभ्या राहिल्या.

माझ्या टीममधून ज्या सोडून गेल्या, त्यातल्या फार थोड्या जणी पार्टी वाईट झाली म्हणून गेल्या. बाकीच्यांची पार्टी झालीच नाही. किट आलं, दोन दिवस कौतुकाने उघडून पाहिलं. मग ‘आधी कॅटलॉग नीट वाचून घेते’, ‘मुलांच्या परीक्षा होऊ देत’ असं करत करत तीन आठवडे उलटले. त्यानंतर ते खोकं नुसतं दिसलं तरी त्यांना अपराधी वाटायला लागलं. तुमची तिसरी फोन का उचलत नाही, याचं कारण बहुधा हेच आहे. तिला आळशी समजू नका.

म्हणून मी आता एकच नियम पाळते: किट हातात पडायच्या आधी तारखा ठरल्या पाहिजेत. एक तारीख पुरत नाही, तीन हव्यात. पहिली तिच्या स्वतःच्या घरी, दुसरी आणि तिसरी पुढच्या दोन आठवड्यांत मैत्रिणीच्या किंवा नातेवाइकांच्या घरी. एकच पार्टी ठरलेली असते आणि आदल्या दिवशी होस्टेसच्या, म्हणजे जिच्याकडे पार्टी आहे तिच्या, घरी कुणी आजारी पडतं, तेव्हा नवीन मुलीला वाटतं की आपल्याला हे जमणारच नाही. डायरीत पुढच्या दोन तारखा लिहिलेल्या असल्या की ती उसासा टाकते आणि कामाला लागते. पार्ट्या रद्द होतातच. मलाही आजवर ते टाळता आलेलं नाही, आणि हे तिला आधीच सांगून ठेवावं.

जॉइन झालेल्या दिवशीच तिच्याबरोबर बसा आणि नावं लिहून काढा. ‘कोण विकत घेईल?’ असं विचारू नका. त्या प्रश्नावर नवीन मुलगी पाच नावं सांगते, त्यातली तीन स्वतःच खोडते: ‘ती फार कंजूष आहे’, ‘तिला वेळ नसतो’. समोरच्या बाईने काही म्हणायच्या आधीच आपण तिच्या वतीने नकार देऊन मोकळ्या होतो. त्याऐवजी एकेक जागा आठवायला सांगा. आधी कुठे नोकरी करायचीस? मुलांना शाळेत सोडताना रोज कोण भेटतं? जिन्यात कोण थांबून बोलतं? बहिणीच्या मैत्रिणी कोण? मग मोबाइलमधले नंबर पहिल्यापासून शेवटपर्यंत खाली सरकवत जा. तासाभरात साठ-सत्तर नावं सहज होतात. खोडायचं काहीच नाही, नुसतं लिहायचं.

त्यानंतर पहिले चार फोन तुमच्यासमोर करून घ्या. ‘घरी जाऊन करते’ म्हणाली तर प्रेमाने थांबवा, कारण घरी गेल्यावर ते होत नाहीत. मी शेजारी बसते, मध्ये बोलत नाही. नवीन मुलीचं पहिलं आमंत्रण बहुतेक वेळा असं असतं: ‘अगं, शनिवारी मोकळी असलीस तर ये ना, म्हणजे जमलं तर हं, थोडंसं दाखवायचंय, घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, नाही जमलं तरी चालेल...’ पलीकडच्या बाईला यातून एवढंच कळतं की नाही गेलं तरी चालेल. त्या जागी मी हे वाक्य वहीत लिहून देते: ‘मी नवीन काम सुरू केलंय. शनिवारी चार वाजता माझ्या घरी त्याची पहिली पार्टी आहे. वस्तू दाखवणार आहे, आवडलं तर ऑर्डर देता येईल. काही घेतलं नाहीस तरी तू असावीस असं मला वाटतं. येशील?’ आणि ‘येशील?’ म्हटल्यावर गप्प बसायचं. ती तीन-चार सेकंदांची शांतता नवीन मुलीला सहन होत नाही, ती घाईने पुन्हा ‘नाही जमलं तरी’वर येते. म्हणून मी हलकेच तिच्या मनगटावर हात ठेवते. चौथ्या फोनपर्यंत त्याची गरज राहत नाही.

विक्री होणार आहे हे लपवून मात्र कुणालाही बोलावू देऊ नका. ‘सहज गप्पा मारायला ये’ म्हणून बोलवायचं आणि आल्यावर कॅटलॉग हातात द्यायचा, याने एक पार्टी होते आणि दहा माणसं तुटतात. नवीन मुलीची सगळी पुंजी म्हणजे तिची ओळखीची माणसं. ती अशी खर्च करायला लावणारा लीडर तिचं नुकसान करतो.

ग्रुपवर टाकलेला मेसेज हे आमंत्रण नव्हे. पन्नास जणींच्या ग्रुपमध्ये प्रत्येकीला वाटतं की बाकीच्या जातील. आधी फोन, मग वेळ आणि पत्ता कळवायला मेसेज, आणि पार्टीच्या दिवशी सकाळी एक छोटी आठवण. हवेत त्याच्या तिप्पट लोकांना बोलवायचं. बोलावलेल्यांपैकी एक तृतीयांश आल्या तरी खोली छान भरते.

आता डेमोबद्दल. नवीन मुलींना मी टपरवेअरची गोष्ट नेहमी सांगते. अर्ल टपर यांचे प्लास्टिकचे डबे 1940 च्या दशकात दुकानांत आले, पण म्हणावे तसे खपेनात. झाकण लावताना कड किंचित उचलून आतली हवा बाहेर काढावी लागायची, आणि हे फळीवर ठेवलेल्या डब्याकडे बघून कुणाला कळणार? ब्राउनी वाइज ही बाई आधी दुसऱ्या एका कंपनीचा माल घरोघरच्या पार्ट्यांत विकायची. ती हेच डबे लोकांच्या घरात, त्यांच्या हातात देऊन विकायला लागली. तिचा खप पाहून 1951 मध्ये कंपनीने दुकानांतून माल काढून घेतला आणि फक्त घरगुती पार्ट्यांतून विकायचं ठरवलं. ती जबाबदारी वाइजकडेच दिली. 1954 मध्ये ‘बिझनेस वीक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो आला. त्या मुखपृष्ठावर आलेली ती पहिली स्त्री. गोष्ट सांगून झाली की मी नवीन मुलीच्या हातात एक वस्तू देते आणि म्हणते, आता ही माझ्या हातात दे आणि मला वापरून बघायला सांग. डेमो म्हणजे एवढंच असतं. तिने बोलत राहायचं आणि पाहुण्यांनी ऐकत राहायचं, असं झालं की खोली थंड पडते.

एका मुलीची पहिली पार्टी मला अजून आठवते. टेबलावर बावीस वस्तू मांडल्या होत्या, कारण किटमध्ये बावीस होत्या. एकेक उचलून ती दीड तास बोलली, सगळी माहिती बिनचूक. पाऊण तासानंतर बायका हळूच मोबाइल बघायला लागल्या. शेवटी ती ‘बरं, मग... झालं’ म्हणाली आणि वस्तू आवरायला लागली. ऑर्डर फॉर्म कॅटलॉगच्या गठ्ठ्याखाली तसेच होते, पेन एकच, तेही तिच्या पर्समध्ये. खोलीत अकरा जणी होत्या, त्यातल्या दोघी-तिघींना नक्की काहीतरी हवं होतं, पण कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, हेच त्यांना कळलं नाही. घरी जाताना ती रडली. ती कमी पडली नव्हती, मी तिची तालीम घेतली नव्हती.

तेव्हापासून पहिल्या पार्टीच्या दोन दिवस आधी मी समोर बसून, घड्याळ लावून पूर्ण तालीम घेते. पाचच वस्तू, त्याही तिने स्वतः वापरलेल्या. बोलणं अर्ध्या तासात संपलं पाहिजे. सुरुवातीला मिनिटभर ती स्वतःबद्दल सांगते: हे काम का सुरू केलं आणि त्यातून तिला काय करायचंय. हा भाग पाठ करायचा नाही, खरा असला म्हणजे झालं. एखाद्या वस्तूबद्दल उत्तर येत नसेल तर ‘विचारून उद्या सांगते’ म्हणायचं आणि खरोखर उद्या सांगायचं. शेवट मात्र शब्दशः पाठ हवा: ‘आता कॅटलॉग बघा, मी त्या खुर्चीवर बसते, तुम्ही एकेक जण माझ्याकडे या.’ खोलीतली एक खुर्ची बाजूला, तिथे फॉर्म, तीन पेनं, कॅल्क्युलेटर.

त्या खुर्चीवर काय घडतं यावर पुढचा महिना ठरतो. ऑर्डर लिहून झाली की प्रत्येकीला एक साधा प्रश्न विचारायचा: ‘यातलं अजून काय आवडलं होतं?’ ती यादीतली महागडी वस्तू सांगते. तेव्हा म्हणायचं, ‘तुमच्या घरी पार्टी ठेवलीत तर होस्टेसच्या गिफ्टमध्ये ही मिळू शकते. पुढच्या आठवड्यात बुधवार बरा की शनिवार?’ कंपनीच्या नियमांत जे खरंच बसतं तेवढंच सांगायचं. हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारला तर सगळ्या एकमेकींकडे बघतात, एकटीला विचारला तर ती खरं उत्तर देते. पार्टीतून पार्टी निघते ती अशी. नवीन मुलीची स्वतःची ओळखीची माणसं तीन-चार पार्ट्यांत संपतात, आणि तोवर अनोळखी घरांच्या तारखा मिळाल्या नसतील तर काम तिथेच थांबतं. म्हणून पहिल्या पार्टीत विक्री किती झाली हे मी दुसऱ्यांदा विचारते. पहिल्यांदा विचारते, ‘तारखा किती मिळाल्या?’

तारीख मिळाली म्हणजे पार्टी मिळाली असं मात्र नाही. होस्टेसची तयारी करून घेणं हे नव्या मुलींना कुणी शिकवत नाही, आणि रद्द होणाऱ्या पार्ट्या बहुतेक इथेच सुटतात. बुकिंग झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला फोन करायचा, आभार मानायचे आणि पाहुण्यांची यादी मागायची. तीन-चार दिवसांनी विचारायचं, कोण कोण येतंय, आणि ज्यांना यायला जमत नाही त्यांची ऑर्डर आधी घेता येईल का. दोन दिवस आधी शेवटचा फोन. खाणंपिणं साधं ठेवायला आवर्जून सांगावं. होस्टेसने फार घाट घातला तर येणाऱ्या प्रत्येकीला वाटतं, हे आपल्याच्याने होणार नाही, आणि पुढची तारीख हातची जाते.

तुम्ही स्वतः पहिल्या पार्टीला जा, पण मागे बसा. सुरुवातीच्या काळात मी नव्या मुलींची अख्खी पार्टी स्वतःच करून द्यायचे. मला वाटायचं, मी मदत करते आहे. पाहुण्या सगळे प्रश्न मला विचारायच्या, नंतर फोनही मलाच करायच्या, आणि जिची पार्टी ती वस्तू उचलून देणारी मदतनीस होऊन बसायची. आता मी फक्त हिशेबाला मदत करते आणि तिने मान वळवून बघितलं तरच बोलते. ती चुकली तरी चुकू देते, कारण मैत्रिणी चुका मोजायला आलेल्या नसतात. त्याच रात्री फोनवर आधी तिला विचारते, काय छान झालं? ते तिने पूर्ण सांगितल्यावर मी एकच सुधारणा सांगते. मनात पाच असतात, पण त्या रात्री एकच.

पैशांबद्दल पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. घरात स्टॉक भरायला लावू नका. आधी ऑर्डर, मग माल. येण्याजाण्याचं भाडं, सॅम्पल, छोट्या भेटी हे सगळं एका वहीत लिहायला लावा, म्हणजे कमिशनमधून खरं काय उरलं ते तिला दिसेल. महिन्याला इतके मिळतीलच असं सांगू नका. आणि पैसा माल विकण्याऐवजी नवीन माणसं आत आणल्यावर मिळत असेल, तर ती पिरॅमिड योजना असते. बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे. अशा कामात तुम्ही स्वतः असाल तर टीम वाढवण्याऐवजी बाहेर पडा.

ऑनलाइन पार्टीबद्दल थोडंच सांगते. पहिली शक्यतो समोरासमोर करावी. माणसांचे चेहरे बघून बोलायची सवय झाली की स्क्रीनवरही जमतं.

तुमच्या तिघींपैकी जी सगळ्यात उत्सुक आहे तिच्या तीन तारखा या आठवड्यात ठरवा आणि तिच्या पार्टीला दुसरीला पाहुणी म्हणून घेऊन जा. तिसरीला फोन करू नका, मेसेज करा: ‘किट उघडलं नसलंस तरी काही हरकत नाही. हे काम नको वाटत असेल तर तसं मोकळेपणाने सांग, मी मुळीच रागावणार नाही. किट परत देता येत असेल तर त्यातही मदत करते. आणि करायचं असेल तर रविवारी तुझ्याकडे येते, आपण फक्त नावं लिहू.’ ती नको म्हणाली तर खरंच किट परत करायला मदत करा. हो म्हणाली तर रविवारी जाताना एक कोरी वही घेऊन जा.