लॉगॅरिदम म्हणजे काय आणि रोजच्या आयुष्यात त्याचा खरंच काही उपयोग असतो का?

मुलगी अकरावीला आहे, लॉग टेबल घेऊन बसली की वैतागते आणि "बाबा, हे पुढे कधी लागतं?" असं विचारते, आणि तुमच्याकडे उत्तर नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याकडे आहे. मी २६ गाळप हंगाम साखर कारखान्यांच्या लॅबमध्ये काढलेत आणि लॉग न कळल्यामुळे साखर मळीत (साखर काढून शेवटी उरणाऱ्या काळ्या पाकात) कशी जाते ते डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

व्याख्या आधी उरकतो. १००० म्हणजे दहाचा तिसरा घात, म्हणून १००० चा लॉग ३. लॉग म्हणजे घातांकच, फक्त प्रश्न उलट्या बाजूने विचारलेला. गुणाकाराची बेरीज होते, भागाकाराची वजाबाकी होते, हे तिला कॉलेजात सांगितलं असणारच. जे सहसा सांगत नाहीत ते असं, की लॉगच्या पट्टीवर एक घर पुढं गेलं म्हणजे एकाने वाढलं नाही, दहापट झालं. पट्टी दिसते बेरजेची, आतून असते गुणाकाराची. माणसं तिथंच फसतात, शिकलेली सुद्धा.

आता माझी गोष्ट. बीएस्सी केमिस्ट्री करून मी कोल्हापूरकडच्या एका सहकारी कारखान्यात लॅब केमिस्ट म्हणून लागलो, रोज २५०० टन ऊस गाळणारा कारखाना, माझा दुसराच हंगाम. ज्यांनी कारखाना आतून बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: उसाचा रस मिलमधून येतो तेव्हा आंबट असतो, पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ५.२ ते ५.५. तो तापवून त्यात चुन्याचं दूध आणि गंधकाचा वायू सोडतात आणि पीएच सातच्या आसपास आणून ठेवतात, मग उकळीपर्यंत तापवून क्लॅरिफायरमध्ये सोडतात, तिथं गाळ खाली बसतो आणि स्वच्छ रस वरून निघतो. तिथं रस दोन-अडीच तास गरमच असतो. आणि गरम रस जर आंबट राहिला तर साखर फुटते, तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आम्ही त्याला इन्व्हर्जन म्हणतो. फुटलेली साखर परत साखर होत नाही, शेवटी मळीत जाते. उलट पीएच फार वर गेला तर रस काळपट होतो, साखरेचा रंग बिघडतो. म्हणून सात. मधला रस्ता.

एका रात्रपाळीला चुन्याची लाइन खड्यानं चोकली. गंधकाचा वायू चालूच, चुना बंद, मग काय होणार? पीएच सहावर आला. चुन्यावर जे मामा होते त्यांनी पाइप सोडवला, त्याला तासभर गेला, आणि मग भरपाई म्हणून त्यांनी चुना इतका सोडला की पुढचा एक तास पीएच आठवर. मामांचा दोष मी मानत नाही, त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं की आधीचं पाप नंतरच्या चुन्यानं धुऊन निघत नाही. सकाळी चीफ केमिस्ट साहेबांनी रजिस्टर उघडलं, ६ आणि ८, सरासरी ७, सही केली. म्हणाले, "सरासरी बरोबर आहे, चला."

मी म्हणालो, साहेब, पीएचची अशी सरासरी काढता येत नाही.

आता हे नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथंच आहे. पीएच म्हणजे रसातल्या हायड्रोजन आयनच्या प्रमाणाचा लॉग, चिन्ह उलटं करून. पीएच सात म्हणजे लिटरमागे मोलचा (मोल म्हणजे कण मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) कोटीवा हिस्सा, पीएच सहा म्हणजे दहा लाखावा, म्हणजे दसपट जास्त. आणि साखर फुटण्याचा वेग या आयनांच्या प्रमाणात चालतो. म्हणजे पीएच सातला तासाला जेवढी साखर फुटते तिला १ धरलं, तर सहाला एका तासात १० फुटते आणि आठला ०.१. दोन तास सातवर चाललो असतो तर नुकसान २. त्या रात्री झालं १०.१. पाचपट! आणि रजिस्टरात मात्र दोन्हीकडे "सरासरी ७". वरून आठच्या तासाने सिरप (आटवलेला रस) काळपट केलं ते वेगळंच, म्हणजे दोन्हीकडून मार.

मी हे कागदावर मांडून दाखवलं. साहेब म्हणाले, "अरं, एका पॉइंटनं काय होतंय? कॉलेजातलं कॉलेजात ठेव." त्या दिवशी सिरपमध्ये रिड्युसिंग शुगर (म्हणजे तेच ग्लुकोज-फ्रुक्टोज) वाढलेली होती, प्युरिटी (विरघळलेल्या पदार्थांत खऱ्या साखरेचा हिस्सा) उतरलेली होती, तर कारण काय लिहिलं, शिळा ऊस. शिळ्या उसानं रिड्युसिंग शुगर वाढते हे खरं आहे, पण मग ती मिलमधून येणाऱ्या रसातच वाढलेली दिसायला पाहिजे ना? तो रस मी स्वतः तपासला होता, नेहमीसारखाच होता. म्हणजे वाढ झाली ती कारखान्याच्या आत. हे मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोललो आणि दोन दिवसांनी मला मेमो मिळाला, वरिष्ठांशी वाद घालतो म्हणून. तो मेमो अजून माझ्या फाइलला आहे. शिळा ऊस लिहिला की दोष जातो तोडणी-वाहतुकीवर आणि शेतकऱ्यावर, आणि उसाचा दर उताऱ्याला (शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली त्याला) बांधलेला असतो, त्यामुळे मला ते जास्त लागलं. माझ्या वडिलांचा ऊस त्याच कारखान्याला जायचा. २५०० टनाच्या गाळपात उतारा नुसता ०.१ टक्क्यानं पडला तरी दिवसाला २५ क्विंटल साखर गेली. एका पॉइंटनं काय होतंय म्हणे.

आणि एक सांगतो, "हे कॉलेजातलं आहे" म्हणणाऱ्यांसाठी. पीएच ही पट्टी १९०९ साली सोरेन्सन यांनी बनवली ती कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांच्या लॅबमध्ये. तिचा जन्मच कारखान्याच्या पदराखाली झाला. आकडे इतके बारीक होते की प्रत्येक वेळी शून्यं मोजत बसण्यापेक्षा लॉग घेतलेला बरा. नेपियरने १६१४ साली लॉगचं पुस्तक छापलं ते सुद्धा लांबलचक गुणाकारातून सुटका करायला, आणि ब्रिग्जने मग दहाच्या पायावर टेबलं केली, ज्यांची नातवंडं तुमची मुलगी आज चाळतेय.

बाकी उपयोग भराभर सांगतो. डेसिबल ही लॉगचीच पट्टी. रहिवासी भागात दिवसा ५५ ची मर्यादा आहे, रात्री ४५ ची, आणि मिरवणुकीत ८५ झाले की लोक म्हणतात तीसनेच तर वाढलं. तीस डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा हजारपट. भूकंपाचं तेच, एका अंकाला ऊर्जा साधारण ३२ पट वाढते. किल्लारीचा १९९३ चा ६.२ होता आणि भूजचा २००१ चा ७.७, फरक दीडचा दिसतो, ऊर्जेत तो १८० पटीच्या आसपास जातो. बँकेतली ठेव ७ टक्के चक्रवाढीने कधी दुप्पट होईल? २ चा लॉग ०.३०१०, १.०७ चा ०.०२९४, भाग द्या, सव्वादहा वर्षं. लोक ७२ ला व्याजदराने भागतात ती युक्ती यातूनच आली. २ चा शंभरावा घात किती आकडी संख्या होईल हे तुमची मुलगी तोंडी सांगू शकेल, १०० गुणिले ०.३०१० म्हणजे ३०.१०, म्हणून ३१ आकडी.

"आता मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, टेबल कशाला" असं कुणी म्हणेल. बारावीच्या बोर्डाच्या पेपरला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही, ते एक कारण आहेच, पण माझं कारण वेगळं आहे. त्या साहेबांच्या टेबलावर कॅल्क्युलेटर होता. त्यांनी ६ आणि ८ ची बेरीज करून दोनाने भागायला तोच वापरला. यंत्राला कुठं माहीत की समोरचा आकडा लॉगचा आहे का किलोचा? ते माणसालाच माहीत पाहिजे. पीएचची, डेसिबलची साधी सरासरी काढलेला रिपोर्ट मी आजही बघितला की सही करणाऱ्याचं नाव वाचतो.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. साखर फुटणं नुसतं पीएचवर नसतं, तापमान आणि रस किती वेळ थांबला यावरही असतं, मी वर दोन्ही सारखे धरून हिशेब केलाय. आठच्या बाजूला साखर कमी फुटते पण दुसऱ्याच गोष्टी बिघडतात, त्यामुळे ०.१ वाचून कुणी चुना वाढवू नका. कानाला ऊर्जा हजारपट झाली म्हणून आवाज हजारपट वाटत नाही, दहा डेसिबलला साधारण दुप्पट वाटतो, म्हणून तर डेसिबलची पट्टी कानाला जवळची आहे. आणि भूकंपाचं नुकसान ऊर्जेवरच ठरत नाही. किल्लारीचा उथळ होता, पहाटे चारच्या सुमाराला झाला, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, माणसं दगडमातीच्या घरांत गाढ झोपलेली होती. आणि आमचे साहेब पॅनवर साखर शिजवण्यात माहीर होते, दाणा कसा बांधायचा ते मी त्यांच्याकडूनच शिकलो, ते मी नाकारत नाही. पण त्या सरासरीबद्दल ते चुकीचे होते.

पुढे मी दुसऱ्या कारखान्यात लॅब इन्चार्ज झालो तेव्हा पहिलं काम केलं ते पीएचच्या रजिस्टरातला सरासरीचा कॉलम काढून टाकला. त्याऐवजी दोन कॉलम टाकले, पाळीतला सगळ्यात खालचा पीएच किती आणि ६.५ च्या खाली किती मिनिटं. चुन्यावरच्या माणसांना एकदा पाटीवर खडूनं १, १० आणि ०.१ काढून दाखवलं, अर्धा तास लागला. त्यात एकजण आठवी शिकलेले होते, त्यांना सगळ्यात आधी कळलं.

तुमच्या मुलीला एवढंच एक गणित घाला. एक तास पीएच ६, एक तास पीएच ८, सरासरी किती? ती सात म्हणेल. मग तिला आधी दोन्ही पीएचवरून आयनांचं प्रमाण काढायला सांगा, त्यांची सरासरी काढायला सांगा, ५.०५ गुणिले दहाचा उणे सातवा घात येईल, आणि मग टेबलात ५.०५ चा लॉग बघू दे, ०.७०३३, तो सातातून वजा केला की ६.३. सात नाही, ६.३. उत्तर आलं नाही तर इथंच खाली लिहा, मी पायरी पायरीनं करून देतो.